स्टँडबाय कळी

“आरसा हलवून नको राहू निशू, सरळ धर.”

“आबा, आरसा सरळच आहे. तुमचा हात हलतोय.”

“माझा हात नाही हलत. हवा आहे.”

हवा नव्हती. कोजागिरी होऊन गेली होती. इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या गच्चीवर सकाळचं ऊन पसरलं होतं आणि दोरीवरचे माझ्या लेकीचे, संहिताचे फ्रॉक जागचे हलत नव्हते. आबा, म्हणजे माझे सासरे चिंतामणराव, बुटक्या स्टुलावर बसले होते. समोरच्या कुंडीत पांढऱ्या शेवंतीचं एकच रोप, बांबूच्या काडीला बांधून सरळ उभं केलेलं. माझ्या नवऱ्याचा, मानसचा दाढीचा आरसा मी पानांच्या मागे धरला होता, कारण आबांना जे बघायचं होतं ते पानांच्या मागे होतं.

रोपाच्या शेंड्यावर मटाराएवढी एक कळी होती. आणि तिच्या जरा खाली, एका रुंद पानाच्या आड, हिरव्या लोकरीच्या धाग्यानं अलगद बांधून ठेवलेली दुसरी.

शेवंतीचं ताटलीएवढं फूल हवं असेल तर रोपावर एकच कळी ठेवायची, बाकीच्या नखानं खुडून टाकायच्या. मग रोपाचा सगळा जीव त्या एकीत जातो. आमच्या कॉलनीत शेवंती लावणारे सगळे असंच करतात. आबाही करायचे, फक्त एक जास्तीची ठेवायचे. वरची कळी किडली, वाळली, माकडानं तोडली, तर हाताशी एक असावी म्हणून. “लाइन गेली तर स्टँडबाय नको का?” म्हणायचे. वीज मंडळात हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचं हे बोलणं कुणाला खोटं वाटावं?

वरची कळी कधीच किडली नाही. पण रोपाचा जीव दोघींत वाटला जायचा आणि दरवर्षी आमच्या गच्चीवर वाटीएवढी फुलं यायची. वाईट नव्हती. कुणी थांबून बघावं अशीही नव्हती. लग्न होऊन मी नाशिकहून इथे आले तेव्हा मला वाटलं, ही जातच लहान फुलाची असेल. आबांनी तसं सांगितलंही होतं.

ते खोटं पाडलं माझ्या मुलीनं. गेल्या वर्षी आम्ही सगळे उद्यान मंडळाचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. आमच्यापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या रामभाऊंची, आमच्याच जातीची शेवंती तिथे मांडली होती, संहिताच्या तोंडापेक्षा मोठी. तेव्हा ती तीन वर्षांची होती. फुलासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आबा, आपलं कुठंय?”

रामभाऊ हसले. “अरे बेटा, तुझे आबा प्रेक्षकांत नंबर काढतात! काय भिया, पुढच्या साली तरी आणा की एक कुंडी.”

आबा पण हसले. घरी आल्यावर मात्र कपडेही न बदलता गच्चीवर गेले. आणि या वर्षी पावसाळ्यात, काड्या लावता लावता, कुणाला नाही तर मातीला सांगावं तसं म्हणाले, “ही एक पाठवून बघू.”

प्रदर्शनाला पाठवायची तर पानाआडची कळी तोडायला हवी होती, म्हणून आज आरसा होता.

मी अर्थशास्त्रात पीएच.डी. करते आहे, संहिता जेवढी करू देईल तेवढी. विषय काय, असं माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, एकदा विचारलं होतं. मी सोपं करून सांगितलं, की निराश व्हायला लोक किती घाबरतात आणि त्या भीतीपायी काय निवडतात, काय सोडून देतात, याचं मॉडेल बांधतेय.

आई वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “त्यात बांधायचं काय? घरात तयार तर आहे.”

खरंच होतं. माझ्या मॉडेलमध्ये त्या भीतीला एक ग्रीक अक्षर आहे. आमच्या घरात तिला आबा म्हणतात. मानसच्या प्रत्येक निकालाच्या दिवशी आबा आदल्या रात्रीपासून ‘काही खरं नाही’ म्हणत बसायचे आणि पेढे निकालानंतरच आणायचे, मग दुकानं बंद का होईनात. आईंना बघायला गेले तेव्हा ‘नकारच येणार’ हे इतकं पक्कं ठरवून गेले होते की त्यांनी आईंकडे मान वर करून पाहिलंच नाही. “मला वाटलं मुलगा एकदम अकडू आहे,” आई अजून सांगतात. “लग्नानंतर कळलं, बिचारा घाबरून राहिला होता.”

आणि जबलपूर. ती गोष्ट मला मानसनं सांगितली, आबांनी कधीच नाही. मानस लहान असताना आबांना जबलपूरला बढती आली होती, अधिकाऱ्याची जागा. सहा महिने काम बघणार, जमलं तर कायम, नाही तर परत इंदूरला जुन्या टेबलावर. आबांनी नकार दिला. त्या बढतीच्या आशेवर गच्चीत वरच्या मजल्यासाठी खांबांचे लोखंडी गज सोडून ठेवले होते. ते अजून तसेच उभे आहेत, गंजून लाल झालेले. आईंची कपड्यांची दोरी त्यांनाच बांधलेली आहे.

मी मात्र आबांना हसू शकत नाही. संहिताच्या शाळेत गॅदरिंगला तिचं नाव येणार होतं, तेव्हा मी तिला आठवडाभर सांगत होते, “नाही आलं तर रडायचं नाही हं.” ती बिचारी रडायचा विचारही करत नव्हती.

“निशू,” आबा म्हणाले, “आज नाही तर उद्या तोडली तर?”

“उद्या तोडलीत तरी चालेल. पण तुम्ही हे दसऱ्यापासून म्हणताय.”

“वरची कळी बघ. जरा तिरपी नाही वाटून राहिली?”

मी आरसा बाजूला ठेवून वाकून पाहिलं. तिरपी नव्हती. पण बघता बघता मलाच ती जराशी तिरपी वाटायला लागली. वाटलं, म्हणावं, राहू द्या आबा, दोन्ही ठेवा. ते किती सोपं होतं.

जिन्यातून आई आल्या, काखेत ओल्या कपड्यांची बादली. “काय दोघं पूजा मांडून बसलात? चहा खाली थंड झाला.”

“तोडू का नको, बघून राहिलोय.”

“मग तोडा. नाही आलं फूल तर काय, आपण फुलाची भाजी करून खातो का?” त्यांनी उशीचा अभ्रा झटकला. त्याचे थेंब आमच्या तोंडावर उडाले.

“तुला काय कळतं शारदा. एकच ठेवली आणि ती गेली, तर वर्ष गेलं.”

“वर्षं गेलीच की दोन-दोन ठेवून.”

आबांनी काडीची गाठ पुन्हा एकदा आवळली. मग माझ्याकडे वळले. डोळ्यांत जरा मिश्कीलपणा होता, जरा आधार मागणं होतं. “तुझं ते मॉडेल काय म्हणतं? माझ्यासारख्या माणसानं काय करावं?”

“काय करावं ते नाही सांगत, आबा. माणूस काय करेल ते सांगतं.”

“मग काय करेल?”

मी थोडी घुटमळले. पण खोटं बोलायचं कारण नव्हतं. “मॉडेल म्हणतं, तुम्ही नाही तोडणार.”

“असं म्हणतं?”

“हो.”

“पक्कं?”

“माझे आकडे तरी पक्के आहेत.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं. आई अभ्रा वाळत घालायच्या थांबल्या होत्या. आबांचा हात पानाखाली गेला, लोकरीचा धागा सुटला आणि पुढच्या क्षणी ती कळी त्यांच्या तळहातावर होती.

“सांग तुझ्या मॉडेलला,” ते म्हणाले. आवाज मोठा होता, पण चेहरा पांढरा पडला होता.

आई हसल्या. मीही हसले. आबांनी कळी पुन्हा देठाजवळ नेली, जणू चिकटवता येते का बघावं. मग खिशात टाकली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला विचारा. घरात एखाद्याची परीक्षा असावी तसं झालं. आबा सकाळी उठून आधी गच्चीवर. माव्याची कीड पडली का, पान पिवळं झालं का, मुंगी चढली का. कळी फुगायला लागली, मग तिच्या टोकाला पांढरी रेघ दिसली, आणि आबा जास्तच घाबरले. कळी लहान होती तोवर जाण्यासारखं फारसं नव्हतं. आता होतं. मी हे माझ्या प्रबंधात कितीदा लिहिलंय, आशा जेवढी वर चढते तेवढी पडायची उंची वाढते. लिहिताना ते एक समीकरण होतं. इथे ते रोज लेंगा आणि बंडी घालून जिना चढत होतं.

मलाही ती लागण झाली. मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची आडवी लावून ठेवायची, संहितानं एकटीनं वर जाऊ नये म्हणून. ऑनलाइन मीटिंगमध्ये माझ्या गाइडनी विचारलं, “काम कसं चाललंय?” तर मी म्हणाले, “पाकळ्या सुटताहेत सर.” मग सगळं सांगावं लागलं. ते म्हणाले, असा एखादा माणूस मॉडेलच्या बाहेर असतोच, त्याला वगळून टाका. मला ते आवडलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी मावठा, म्हणजे थंडीतला अवकाळी पाऊस, आला. दुपारीच आभाळ काळं झालं. मानस ऑफिसात, आई भजनाला गेलेल्या. पाकळ्यांत पाणी साचलं की फूल सडतं, म्हणून आबा आणि मी ती कुंडी जिन्यानं खाली आणली. आबा खाली, मी वर, मध्ये अर्धं उमललेलं फूल, आणि दोघं एकमेकांना ‘हळू, हळू’ म्हणतोय. कुंडी बैठकीत टीव्हीशेजारी ठेवली. आबा खुर्चीत कोसळले. मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तर संहिता कुंडीपाशी. चवड्यांवर उभी, दोन्ही हात फुलाभोवती.

मी किंचाळले. इतक्या जोरात की आबा दचकून उठले, त्यांचा पाय तिपाईला लागला, तिपाई कुंडीवर गेली आणि कुंडी कलंडली. आबांनी ती मिठीत पकडली. अक्षरशः मिठीत, गुडघ्यांवर पडून, गाल काडीला टेकलेला. संहिता दोन पावलं मागे सरून आमच्याकडे बघत होती.

“मी हात नव्हता लावला,” ती म्हणाली. “मी त्याला सांगत होते, पाऊस बाहेर आहे.”

फुलाला काही झालं नव्हतं. एक पाकळीसुद्धा दुमडली नव्हती. आबा तसेच फरशीवर बसून हसायला लागले. “अरे यार निशू, फुलाला धोका पोरीचा नाही, तुझा आहे.”

मी पण खाली बसले.  संहिताला जवळ ओढलं तर ती म्हणाली, “आई, तू कित्ती ओरडते.” 

प्रदर्शनाच्या सकाळी फूल पूर्ण उमललं होतं. गोल, दुधासारखं पांढरं, पाकळ्या आत वळलेल्या. ताटलीएवढं म्हणता आलं असतं. आबांनी ते ताटलीशी ताडून पाहिलं नाही. मी सुचवलं तर म्हणाले, “नको. जे आहे ते आहे.”

मानसनं गाडी अशी चालवली की मागून हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग लागली. आबा पुढच्या सीटवर, कुंडी पायांच्या मध्ये, फुलाभोवती मऊ कागदाची कॉलर.

“काही मिळणार नाही हं,” महू नाक्याच्या सिग्नलला ते म्हणाले.

“झालं सुरू,” मागून आई.

“आधी सांगून ठेवतो. रामभाऊचं यंदा मोठं आहे. मी पाहिलंय.”

“तुम्ही त्यांच्या गच्चीत कधी गेलात?”

“आपल्या गच्चीतून दिसतं. गज धरून कठड्यावर चढलं की.”

“या वयात कठड्यावर चढलात?” आई ओरडल्या. मानसला हसू आवरेना आणि सिग्नल सुटला तरी गाडी हलेना.

मांडवात लांब टेबलांवर कुंड्या लागल्या होत्या. ‘एक रोप, एक फूल’ या विभागात आबांची कुंडी रामभाऊंच्या कुंडीपासून तिसरी. रामभाऊंनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, मग डोळ्यांवर घेऊन पाहिलं. “चिंतामणजी! ये किधर छुपा रखा था? बढिया आहे की हो!”

“ठीक आहे,” आबा म्हणाले. पण त्यांनी हात मागे बांधले, सरळ उभे राहिले. मी त्यांना इतक्या वर्षांत तसं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

परीक्षक येऊन मोजून गेले. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. मी आबांच्या मागे उभी राहिले आणि मनात एकच चाललं होतं, आता चेहरा कसा होईल. संहिता पडली की रडण्याआधी क्षणभर तिचा चेहरा कोरा होतो, तो क्षण मला सहन होत नाही. तोच क्षण आबांच्या चेहऱ्यावर बघायला लागणार होता. मला वाटलं, मीच त्यांना डिवचलं. मॉडेलचं नाव नसतं काढलं तर वाटीएवढी दोन फुलं घेऊन हा माणूस सुखात गच्चीवर बसला असता.

आत सोडलं तेव्हा कुंड्यांवर बक्षिसांच्या चिठ्ठ्या लागल्या होत्या. पहिलं बक्षीस स्नेहलतागंजच्या एका बाईंना, गुलाबी फूल. दुसरं रामभाऊंना. तिसरं आणखी कुणाला. उत्तेजनार्थ दोन.

आबांच्या कुंडीवर काही नव्हतं.

ते आपल्या फुलासमोर जाऊन उभे राहिले. मग हळूहळू पहिल्या फुलापाशी गेले, वाकून नीट पाहिलं, रामभाऊंचं पाहिलं, परत आपल्यापाशी आले. मी पुढे झाले. काय म्हणायचं ते मी रात्रभर ठरवत होते, सगळं विसरले.

आबा वळले. चेहरा कोरा नव्हता. एखादा माणूस अंधारात एक जास्तीची पायरी असेल म्हणून पाय जपून खाली टाकतो आणि तिथे सपाट जमीनच लागते, तसा काहीसा होता.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“हो आबा. निकाल लागला.”

“एवढंच?”

मला कळलं नाही. “म्हणजे?”

“एवढंच असतं?” त्यांनी छातीवर हात ठेवून पाहिला, जणू आत काही मोडलंय का ते चाचपावं. मग मोठ्यानं म्हणाले, “शारदा, मला भूक लागली. पहिले पोहे खाऊ.”

“बक्षीस नाही मिळालं,” आई जपून म्हणाल्या.

“नाही मिळालं. दिसतंय मला. जिलेबी पण घेऊ.”

आम्ही मांडवाबाहेरच्या ठेल्यावर पोहे खाल्ले. आबांनी वरून शेव दोनदा मागून घेतली. रामभाऊ आले तर त्यांची पाठ थोपटली आणि पाकळ्या आत इतक्या कशा वळल्या, पेंडीच्या खताचं पाणी कधी बंद केलं, असं सगळं विचारून घेतलं. संहिताला जिलेबीचा तुकडा भरवताना त्यांचा हात हलत होता, पण त्यांनी हवेला दोष दिला नाही. मी पण आणखी एक प्लेट पोहे मागून घेतले. 

संध्याकाळी मी कपडे काढायला गच्चीवर गेले तर आबा स्टुलावर बसले होते. पांढऱ्या फुलाची कुंडी परत जागेवर आली होती. शेजारी उशिरा फुलणाऱ्या पिवळ्या शेवंतीच्या कुंड्या, त्यांना अजून कळ्याच होत्या. प्रत्येकीवर दोन-दोन. आबा गजाला टेकून दूर विमानतळाच्या बाजूला बघत होते.

“थंडी पडेल आबा, स्वेटर आणू?”

“नको.” त्यांनी मान वळवली. “निशू, एक विचारू? तुझ्या अभ्यासातलं.”

“विचारा ना.”

“समज एक माणूस जबलपूरला गेला. सहा महिन्यांनी त्याला परत पाठवलं. जुन्या टेबलावर.” त्यांनी गजावरचा गंज अंगठ्यानं खरवडला. “त्यालाही एवढंच वाटलं असतं का?”

मला माहीत होतं त्यातलं काहीच उपयोगी पडणारं नव्हतं. “मला नाही सांगता येणार, आबा.”

“तेही बरोबर आहे,” ते म्हणाले. अंगठ्यावर लाल भुकटी लागली होती, ती त्यांनी बंडीला पुसली.

जिन्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि संहिता वर आली, एकटी. मी ‘कठडा धर’ म्हणणार होते, तोवर ती येऊन पोचली होती. आबांनी तिला उचलून स्टुलावर उभं केलं, पिवळ्या कुंडीसमोर, आणि पानाआडचा लोकरीचा धागा सोडला.

“यातली एक तोडायची.”

“कुठली?”

“तुला वाटेल ती.”

मोठी कळी वरची होती, उघड दिसत होती. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, वरची नको, खालची. मी दोरीवरचा तिचा फ्रॉक काढला आणि घडी घालत राहिले. संहितानं दोन्ही कळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. आबा हात मागे बांधून शेजारी उभे होते, सकाळी मांडवात उभे होते तसेच सरळ.

टक् असा बारीक आवाज झाला. कळी फरशीवर पडली, घरंगळत माझ्या पायापाशी आली. मी खाली पाहिलं नाही.

“आता दुसरी कुंडी,” आबा म्हणाले.